आढ्याखालचं ऐश्वर्य

जपानमधल्या ताकायामाची जुनी पेठ पहिल्या नजरेत थोडी निराश करते. कामिसान्नोमाची ही तिथली सगळ्यात गाजलेली आळी. तिच्या तोंडाशी उभं राहिलं की दोन्ही हातांना काळपट लाकडाची ठेंगणी घरं दिसतात, पुढं झुकलेल्या वळचणी दिसतात आणि दर्शनी भागभर उभ्या पट्ट्यांच्या लाकडी जाळ्या. नक्षी नाही, रंग नाही, एखादी कमान नाही. घरांच्या पायाशी अरुंद पाटातून पाणी पळत असतं. मधूनच एखाद्या दारावर सुगी वृक्षाच्या डहाळ्यांचा भलामोठा गोळा टांगलेला असतो. आत साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळतात याची ती खूण. गोळा हिरवागार असेल तर यंदाची साके नुकतीच तयार झाली आणि तपकिरी पडलेला असेल तर तिला बरेच दिवस झाले. अख्ख्या आळीत जाहिरात म्हणावी अशी जुनी गोष्ट एवढीच, आणि तीही दिवसागणिक वाळत जाणारी.

ही पेठ सावकारांची आणि बड्या व्यापाऱ्यांची होती, हे ठाऊक नसेल तर माणूस दोन-चार फोटो काढतो, काठीला लावलेले तांदळाच्या पिठाचे भाजलेले गोळे खातो (इथं ते गोड नसतात, नुसत्या सोया सॉसमध्ये बुडवलेले असतात आणि त्यामुळेच चांगले लागतात) आणि पुढच्या बसनं निघून जातो. ठाऊक असेल तर मात्र एक प्रश्न पाठ सोडत नाही. हाताशी एवढा पैसा असताना या लोकांनी इतकी मिटलेली घरं का बांधली? उत्तर रस्त्यावर अर्धंच मिळतं. उरलेल्या अर्ध्यासाठी घरात शिरून मान वर करावी लागते.

ताकायामा ज्या प्रांतात येतं तो हिदा हा डोंगरांचा आणि जंगलांचा मुलूख. आजच्या ताकायामा नगरपालिकेच्या हद्दीत नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन रानाखाली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस कानामोरी नागाचिका या सरदारानं इथं किल्ला बांधला आणि किल्ल्याखाली, मियागावा नदीच्या काठानं, व्यापाऱ्यांसाठी तीन समांतर आळ्या आखल्या. त्याच्या घराण्यानं सहा पिढ्या राज्य केलं. मग १६९२ मध्ये एदोच्या शोगुनानं कानामोरींना दूर उत्तरेकडं हलवलं आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला. त्याला हवं होतं इथलं लाकूड आणि खाणींतली चांदी-तांबं. किल्ला १६९५ मध्ये पाडून टाकला. कानामोरी गेल्यापासून १७७ वर्षं ताकायामावर सरदार नव्हता. एदोहून येणारा अधिकारी होता आणि त्याची कचेरी होती.

ती कचेरी, जिन्‌या, अजून उभी आहे. देशभरातल्या अशा कचेऱ्यांपैकी मूळ इमारत टिकून राहिली ती या एकाच ठिकाणी. सरकारी काम तर तिथं १९६९ पर्यंत चालत होतं. आत खोल्यांमागून खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीतल्या चटयांची किनार बसणाऱ्याच्या दर्जानुसार बदलते. कुणी कुठं बसायचं हे कापडाच्या बोटभर पट्टीनं ठरवून टाकलेलं. लाकडातले खिळे झाकायला समोर तोंड केलेल्या सशाच्या आकाराची धातूची टोपणं बसवली आहेत. त्यांच्याशी लहान मुलं खेळतात. पण याच इमारतीत चौकशीची जागाही आहे आणि तिथं कबुली काढण्यासाठी वापरायचे दगड मांडून ठेवले आहेत. १७७१ ते १७८८ या काळात ओहारा आडनावाच्या बाप-लेकांच्या अमलाविरुद्ध हिदाचे शेतकरी पुन्हा पुन्हा उठले आणि चिरडले गेले. ससे आणि दगड एकाच छपराखाली. रस्त्यावरच्या घरांचा मिटलेला चेहरा समजून घ्यायचा असेल तर आधी इथं येऊन जावं.

कारण तो चेहरा मुळात व्यापाऱ्याच्या आवडीनं आलेला नव्हता. व्यापारी हा त्या समाजरचनेत पैशानं वर आणि मानानं खाली असलेला माणूस. त्याच्या घराची ठेवण कशी असावी, त्यानं कोणतं लाकूड वापरावं, यावर बंधनं होती. हिनोकीसारखं उत्तम लाकूड त्याच्यासाठी नव्हतं. सगळं रान सरकारचं. घर रस्त्याच्या बाजूनं उंच दिसता कामा नये. म्हणून वरचा मजला दबलेला, खिडक्यांची उंची बेताची, छपराचा उतार मंद. हा मंद उतार मूळचा लाकडी फळ्यांच्या छपराचा: चिरलेल्या फळ्या एकावर एक पसरायच्या आणि त्या उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचे. उतार जास्त असता तर दगड खाली आले असते.

एवढं समजल्यावर पुन्हा कामिसान्नोमाचीत यावं, शक्यतो सकाळी, दुकानं उघडण्याआधी. आता डोळा वेगळ्या गोष्टी टिपतो. दर्शनी जाळ्या सगळीकडं सारख्या नाहीत. एका घराच्या पट्ट्या जाड आणि विरळ, शेजारच्या बारीक आणि दाट. कुठं जाळी भिंतीच्या रेषेत आहे, कुठं ती वीतभर पुढं आलेली आहे आणि तिच्यामागं सावलीचा एक पडदा तयार झाला आहे. तिरकस बघितलं की पट्ट्या एकमेकींत मिसळून सलग लाकूड दिसतं. समोर येऊन उभं राहिलं की फटी उघडतात आणि आतला उजेड दिसतो. चालणाऱ्याच्या प्रत्येक पावलाबरोबर अख्खी आळी अशी मिटत आणि उघडत जाते. आतून मात्र रस्ता कायम दिसतो. दुकानदारानं बघावं, पण त्याच्याकडं कुणी बघू नये, ही सोय. एकच बंदिश दहा गायकांनी गावी आणि फरक फक्त दोन स्वरांमधल्या अंतरात असावा, तसा हा रस्ता आहे. मोठं काही बदलायची मुभा नसली की कारागीर अंतरांशी खेळू लागतो.

मग त्या ठेंगण्या ओळीत एकदम एक पांढरी, अरुंद, दोन-अडीच मजले उंच इमारत येते. चुन्याच्या जाड भिंती, खिडक्या जवळजवळ नाहीत, आणि दार इतकं उंच की त्यातून काय बाहेर येत असेल असा प्रश्न पडावा. तिच्याबद्दल नंतर.

खरं रसग्रहण जिथं करायचं ती जागा या गर्दीच्या आळीत नाहीच. नदीच्या कडेनं उत्तरेला चालत गेलं की ओशिन्माची हा भाग लागतो. तिथं दोन घरं शेजारी शेजारी उभी आहेत: कुसाकाबे आणि योशिजिमा. दोन्ही १९६६ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा म्हणून नोंदली गेली, दोन्ही आतून बघता येतात, आणि दोन्ही आगीतून जन्मलेली आहेत. कुसाकाबेंचं जुनं घर १८७५ च्या आगीत गेलं आणि १८७९ मध्ये नवं उभं राहिलं. योशिजिमांचं घर १९०५ च्या आगीत गेलं. आजचं १९०७ चं आहे. आगीची धास्ती या लाकडी गावाच्या हाडात होती. घरामागं जाड मातीच्या भिंतींची कोठारं असत, मौल्यवान ते सगळं तिथं. आळीआळीत आकिबा या अग्निरक्षक देवाची छोटी देवळं आजही आहेत, काही तर छपरावर चढवून बसवलेली.

कुसाकाबे हे शोगुनाच्या काळात सरकारी व्यवहार सांभाळणारं आणि सावकारी करणारं घराणं. १८७९ हे साल महत्त्वाचं आहे. शोगुनाची सत्ता जाऊन दहाहून जास्त वर्षं झालेली, जुनी बंधनं उठलेली, आणि आगीनं रिकामी केलेली जागा समोर. आता मालकाला हवं ते करता येणार होतं. त्यानं दोन मजली उंच, दिमाखदार दर्शनी भाग उभारला असता तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं. पण कावाजिरी जिसुके या सुतारप्रमुखानं रस्त्याच्या बाजूला तोच जुना चेहरा ठेवला: खोल वळचण, जाळी, दबका उतार. आणि स्वातंत्र्य आतल्या अंगाला खर्च केलं. ज्या हिनोकीला हात लावायची पूर्वी चोरी होती, तिचे खांब आत उभे केले.

दारातून आत पाऊल टाकलं की आधी दोमा, म्हणजे मातीची दाबून घट्ट केलेली जमीन. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळं क्षणभर काही दिसत नाही. मग डोळे सरावतात आणि कळतं की डोक्यावर माळा नाहीच. रस्त्यावरून ठेंगणं वाटणारं घर आतून थेट आढ्यापर्यंत मोकळं सोडलेलं आहे, आणि त्या पोकळीत लाल पाइनच्या प्रचंड तुळया आडव्या-उभ्या गेल्या आहेत. जाडी अशी, की आधी मनात येतं ते झाड आणि मागाहून लाकूड. या तुळया लपवलेल्या नाहीत, रंगवलेल्या नाहीत. छपराचा, त्यावरच्या हिवाळी बर्फाचा भार कुठून निघून कोणत्या खांबावरून जमिनीत उतरतो, हे बोटानं दाखवता येईल इतकं उघड आहे. खाली चौकोनी शेगडीत विस्तव असायचा, धूर वर चढायचा आणि वर्षानुवर्षं लाकडाला काळं करत जायचा.

हिदाच्या सुतारांचं हे बळ शतकांचं आहे. आठव्या शतकातच, ७१८ च्या कायद्यात, या डोंगरी मुलखाला करांतून सवलत दिली होती ती एका अटीवर: दर पन्नास घरांमागं दहा माणसं वर्षभर राजधानीला सुतारकामाला पाठवायची. देवळं आणि राजवाडे बांधायला. म्हणजे जिथं इतर प्रांतांनी धान्य आणि कापड दिलं, तिथं हिदानं हात दिले. असे हात शेकडो वर्षं दुसऱ्यांसाठी उत्तम लाकूड घडवत राहिले आणि आपल्या गावच्या घरांसाठी मात्र त्यांना हात आखडून काम करावं लागलं. कुसाकाबेच्या तुळयांखाली उभं राहिलं की ते सगळं साठलेलं एकदम सुटल्यासारखं वाटतं. थोडं जास्तच सुटलंय, असंही मी म्हणेन. एखाद-दुसरी तुळई भारासाठी लागते त्याहून जाड आहे. ती मालकाची ऐट आहे, पण ती घरात आलेल्या माणसालाच दिसावी अशी बेतानं ठेवलेली.

शेजारचं योशिजिमा हे साके गाळणाऱ्यांचं घर. निशिदा इसाबुरो हा त्याचा सुतारप्रमुख. मधे अठ्ठावीस वर्षं गेली आहेत, म्हणजे जेमतेम एक पिढी. तरी दाराच्या आत पाऊल टाकताच कळतं की प्रश्नच बदललेला आहे. इथंही दोमा आहे, इथंही आढ्यापर्यंत मोकळी पोकळी आहे, इथंही तुळया आहेत. पण त्या सडसडीत आहेत, रंधून गुळगुळीत केलेल्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या जागेत आखूड उभे ठोकळे अशा मापानं बसवले आहेत की वर बघितल्यावर हवेत लाकडी चौकटींचं एक जाळं तरंगताना दिसतं. उंचावर एक खिडकी आहे. तिच्यातून येणारा उजेड थेट खाली पडत नाही. तो एका तुळईच्या कडेवरून दुसरीवर घसरत येतो, प्रत्येक पायरीवर थोडा मऊ होत. दुपारी बारा आणि दुपारी तीन ही या घराची दोन वेगळी रूपं आहेत. कुसाकाबेत अंधार हाच वजनाचा भाग होता. योशिजिमात उजेड हेच एक बांधकामाचं साहित्य आहे.

मार्गदर्शक पुस्तकं या दोघांचं एका वाक्यात वाटप करून टाकतात: कुसाकाबे पुरुषी, योशिजिमा बायकी. मला हे वाटप आळशी वाटतं. जाड ते पुरुषी आणि नाजूक ते बायकी, एवढ्यावर ते उभं आहे, आणि त्यामुळं दोघांमधली खरी गंमत दिसायची राहून जाते. कुसाकाबेत तुळई स्वतःबद्दल सांगते: मी इतकी मोठी, मी इतका भार घेते. योशिजिमात कोणत्याही एका तुळईकडं नजर थांबत नाही. नजर दोन तुळयांमधल्या रिकाम्या चौकोनावर थांबते. रस्त्यावरच्या जाळीत कारागीर अंतरांशी खेळत होता असं म्हटलं, तोच खेळ इथं छपराखाली, तिन्ही दिशांनी, मोठ्या मापात मांडलेला आहे. म्हणजे वयानं लहान असलेलं योशिजिमा त्या जुन्या, दबलेल्या आळीच्या जास्त जवळचं. बंधनाच्या काळात शिकलेली युक्ती त्यानं मोकळेपणी वापरली आहे. कुसाकाबेनं बंधन सुटल्याचा आनंद केला. योशिजिमापर्यंत येताना तो आनंद ओसरला होता आणि चव उरली होती.

या घरात शिनोदा तोको या चित्रकर्तीची चित्रं लावलेली आहेत. १९१३ ते २०२१, असं एकशे सात वर्षांचं आयुष्य तिला लाभलं. काळ्या शाईचे रुंद, थांबून थांबून मारलेले फटकारे आणि भोवती भरपूर कोरा कागद. एरवी जुन्या वास्तूत आधुनिक चित्र टांगलं की दोघंही एकमेकांकडं पाठ फिरवून बसतात. इथं तसं होत नाही. वरच्या तुळया आणि भिंतीवरचे फटकारे एकाच मापात विचार करतात: काळ्याला किती जागा, रित्याला किती. कुणी ही जोडी जुळवली त्याची नजर सुताराइतकीच पक्की म्हणायची.

दोन्ही घरांत पुढं चालत गेलं की एकामागं एक खोल्या, मग अंगणवजा बाग, मग कोठारं. दर्शनी रुंदी कमी आणि खोली भरपूर, ही व्यापारी घरांची नेहमीची मांडणी. मधे देवघर. हा जोदो शिन्शू पंथाचा मुलूख, त्यामुळं देव्हारा मोठा, सोनेरी आणि तुळयांच्या साधेपणाशी अजिबात न जुळणारा. मला तो विसंवाद आवडतो. घराला एक तरी कोपरा असा हवा जिथं सुताराचं काही चालत नाही.

आता ती पांढरी उंच इमारत. तिच्यात आळीचा रथ ठेवलेला असतो. ताकायामाचे रथ, याताई, वर्षातून दोनदा निघतात: १४-१५ एप्रिलला हिए देवळाच्या वसंतोत्सवात बारा आणि ९-१० ऑक्टोबरला साकुरायामा हाचिमान देवळाच्या उत्सवात अकरा. पाऊस आला तर निघत नाहीत. आणि हे रथ बघितले की घरांच्या मौनाचा हिशेब पुरा होतो. सोन्याचा मुलामा, लाखकाम, विणलेले पडदे, कोरीव सिंह, ढग, खेळणारी मुलं. एकोणिसाव्या शतकातला तानिगुची योरोकु हा इथलाच कोरक. किरिन्‌ताई या रथावरची त्याची मुलं लाकडातून बाहेर पळतील की काय असं वाटतं. काही रथांवर कळसूत्री बाहुल्या आहेत. शरद ऋतूतल्या होतेईताईवर दोन पोरं झोक्यावरून झोक्यावर उड्या घेत शेवटी होतेई देवाच्या अंगावर जाऊन बसतात. त्यामागं ३६ दोऱ्या आणि आत दडलेल्या माणसांचे हात असतात.

घरावर जे करता येत नव्हतं ते सगळं त्या व्यापाऱ्यांनी रथावर केलं. रथ कुणा एकाचा नसतो, आळीचा असतो. देवाच्या नावानं असतो. दोन दिवसांपुरता असतो. त्यामुळं तिथं उधळपट्टीला कुणी हरकत घेत नव्हतं. शेजारच्या आळीच्या रथाहून आपला सरस निघावा ही चढाओढ मात्र पक्की व्यापारी. उरलेले दिवस हे सगळं सोनं जाड चुन्याच्या भिंतींमागं, आगीपासून जपून, बंद. तुळई मालकाच्या पाहुण्यांना दिसायची आणि रथ अख्ख्या गावाला. दर्शनी जाळी मात्र दोन्हींबद्दल अवाक्षर काढत नाही.

रेल्वे इथं १९३४ मध्ये पोचली. उशिरानं आलेल्या या गाडीनंच गाव बऱ्याच अंशी वाचवलं, असं मानायला जागा आहे. मोठे कारखाने, रुंद रस्ते इथवर येईतो जपानी माणसालाच जुन्या गावांची ओढ वाटू लागली होती. १९७५ च्या कायद्यानं जुन्या वस्त्या सलग जपायची सोय झाली, १९७९ मध्ये सानमाचीची, म्हणजे कामिसान्नोमाचीच्या भागाची, निवड झाली, २००४ मध्ये ओशिन्माचीच्या बाजूची. या व्यवस्थेत घरमालकाला आतून बरंचसं काही बदलता येतं. बाहेरचा चेहरा मात्र परवानगीशिवाय हलवता येत नाही. म्हणजे शोगुनाच्या अधिकाऱ्यानं जी अट घातली होती, तीच पुन्हा आली आहे, यावेळी अनुदानासह. आत कॉफीचं यंत्र आहे, हिदा गोमांसाची सुशी आहे, लाल कापडी बाहुल्यांचे ढीग आहेत. मला त्यांची चीड येत नाही. ही पेठ माल विकण्यासाठीच बांधली होती. इथं विक्री थांबली तर उरेल ते संग्रहालय. खटकतं ते एवढंच, की येणाऱ्यांपैकी बहुतेक जण फक्त त्या चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि जो भाग सुतारानं मालकासाठी मन लावून केला तिथवर चालत येत नाहीत. सानमाचीतून ओशिन्माचीला पोचायला नदीकाठानं फार तर दहा-पंधरा मिनिटं लागतात.

जाणाऱ्यानं कुसाकाबे आधी बघावं आणि योशिजिमा नंतर. उलट क्रमानं गेलं तर कुसाकाबेवर अन्याय होतो. ते नुसतंच अवजड वाटतं.